दुखत नव्हतं म्हणून

उदगीर म्हटलं की इतिहासाची आवड असलेल्या माणसाला १७६० आठवतं. ३ फेब्रुवारीची लढाई, सदाशिवराव भाऊ, निजामाची माघार आणि पुढच्या वर्षीचं पानिपत. आमच्या शाळेची सहल किल्ल्यात जायची तेव्हा सरही तेवढंच सांगायचे. मी त्याच गावची. पण मला ज्या इतिहासानं गेली काही वर्षं झोपू दिलं नाही, तो किल्ल्यात नाही. तो आमच्या घरातल्या बायकांच्या पदराखाली होता.

२०१६ साल. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये अंघोळ करताना डाव्या स्तनात काहीतरी हाताला लागलं. गोटीएवढं, टणक, दाबलं की बोटाखालून सटकणारं. आधी वाटलं पाळीच्या आधीचं असेल. पाळी येऊन गेली तरी गोटी तिथंच. आठ दिवसांनी आईला फोन केला. आईनं दोन प्रश्न विचारले. पहिला, "दुखायलंय का?" मी नाही म्हटलं. तर ती म्हणाली, "दुखंना तर मग कशाला घाबरतीस?" मग थोडं थांबून दुसरा प्रश्न, "कुणाला सांगितलीस का?"

मी रूममेटला सांगितलं होतं. आई गप्प झाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्यात हजर होती.

सोनोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासला. निदान आलं फायब्रोॲडिनोमा. पंधरा ते पस्तीस वयाच्या मुलींमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी साधी गाठ. कॅन्सर नाही, आणि तिचा कॅन्सर होण्याची शक्यताही नगण्य. डॉक्टर बाई म्हणाल्या, वाढली किंवा त्रास दिला तर काढू, नाहीतर सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी. सगळं मिळून चार दिवसांचा मामला.

परतीच्या बसची वाट बघत आई बाकावर बसली होती. तिथं तिनं मला आजीबद्दल सांगितलं. मी जन्मायच्या आधी गेलेली माझ्या वडिलांची आई. घरात तिचा एकच फोटो आहे, आणि ती कशानं गेली असं विचारलं की उत्तर एकच यायचं, "आजारी होती."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. उदगीर किल्लारीपासून लांब आहे, आमच्याकडं भिंतींना तडे गेले, पण माणसं वाचली. तरी भीतीनं सगळी गल्ली पुढं कितीतरी रात्री उघड्यावर झोपायची. आईचं लग्न होऊन पाच महिने झाले होते. उघड्यावर दार नसतं, आडोसा नसतो. एका पहाटे आजी चादरीआड पदराखालचं फडकं बदलत होती आणि आईनं ते बघितलं. छातीवर जखम होती. वास लपवायला आजी त्यात हळद आणि कापूर भरायची. किती दिवसांपासून, असं आईनं विचारलं. आजी म्हणाली, "दोन वर्सं झाली आसतील. आधी नुसती गाठ होती माय. दुखत नव्हती म्हणून बोलले नाही." आणि मग, "कुणाला सांगू नको."

आईनं सांगितलं. घरात गोंधळ झाला, एका दवाखान्यात दाखवलं, तिथून मोठ्या शहरात न्यायला सांगितलं. न्यायचं की नाही यावर दोन महिने गेले. १९९४ च्या उन्हाळ्यात आजी गेली. चोपन्न-पंचावन्न वय असेल.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. एखादी सिस्टिम पडली की आम्ही बसून मागे जातो. कधी काय झालं, कुठल्या टप्प्यावर काय करता आलं असतं, ते ओळीनं लिहून काढतो. नियम असा की दोष माणसावर टाकायचा नाही, प्रश्न व्यवस्थेला विचारायचा. आजीच्या बाबतीत मी तेच करायला बसले. पहिला प्रश्न साधा होता. १९९१ मध्ये, गाठ नुसती गाठ होती तेव्हा, आजी बोलली असती तर तिच्यासाठी जगात काय होतं?

त्यासाठी बरंच मागं जावं लागलं.

गाठ जुनीच आहे

इजिप्तमध्ये सापडलेला एक वैद्यकीय पपायरस आहे, इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपासचा, आणि त्यातला मजकूर त्याहूनही जुना मानतात. त्यात स्तनातल्या फुगवट्यांचं वर्णन आहे आणि पुढे एक कोरडं वाक्य आहे, ज्याचा अर्थ, यावर उपचार नाही. ग्रीक वैद्यांनी अशा गाठीला खेकड्याचं नाव दिलं. 'कॅन्सर' हा शब्द त्याच खेकड्याचा, आणि आपला 'कर्करोग'सुद्धा.

आपल्याकडं सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तनरोग आहेत. गंमत म्हणजे तिथले स्तनरोग मुख्यतः दुधाशी जोडलेले आहेत. बाळंतीण किंवा गरोदर बाईला होणारे. कुमारिकांच्या स्तनातल्या वाहिन्या मिटलेल्या असतात म्हणून त्यांना हे रोग होत नाहीत, असं तिथं म्हटलंय. गाठींचा विचार पुढच्या अध्यायात, 'ग्रंथी' आणि 'अर्बुद' या नावांनी, शरीरात कुठंही होणाऱ्या गाठी म्हणून येतो. अर्बुद कापताना थोडं जरी शिल्लक राहिलं तरी ते पुन्हा वाढतं, हे निरीक्षण त्या ग्रंथात आहे. आजचा सर्जन वेगळं काही सांगत नाही.

म्हणजे ज्ञान होतं, पण कापायचं कसं? भूल नव्हती. ३० सप्टेंबर १८११ रोजी फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा स्तन पॅरिसमध्ये कापून काढला गेला, ती पूर्ण शुद्धीत असताना. शस्त्रक्रिया करणाऱ्यांत नेपोलियनच्या फौजेचा सर्जन लारे होता. तिनं नंतर बहिणीला लिहिलेलं पत्र आजही वाचवत नाही. ती त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं जगली. पण अशा शस्त्रक्रियेला 'हो' म्हणायला किती बायका तयार झाल्या असतील?

त्याच्या सात वर्षं आधी, १३ ऑक्टोबर १८०४ रोजी, जपानमध्ये हानाओका सेइशू नावाच्या वैद्यानं साठ वर्षांच्या एका बाईचा स्तनाचा कॅन्सर काढला होता, तिला पूर्ण बेशुद्ध करून. त्याच्या काढ्यातला मुख्य घटक धोतरा होता. आपल्या माळरानावर कुठंही उगवणारा तोच धोतरा. पण जपानची दारं तेव्हा जगासाठी बंद होती. ही बातमी पन्नास वर्षं बाहेर पडली नाही, आणि जगानं भुलेचा शोध १८४६ मध्ये अमेरिकेत लागला असं मानलं.

इथं मला पहिल्यांदा जाणवलं की या इतिहासात दोन घड्याळं आहेत. एक उपाय सापडण्याचं, दुसरं तो उपाय बाईपर्यंत पोचण्याचं. दुसरं घड्याळ कायम मागं असतं.

निजामाचं क्लोरोफॉर्म

उदगीर तेव्हा निजामाच्या मुलखात, बीदर जिल्ह्यात होतं. १९५६ मध्ये भाषावार रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आलं आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातूरमध्ये. म्हणून आमची राजधानी कितीतरी पिढ्या मुंबई नव्हती, हैदराबाद होती. आजही आमच्याकडचे जुने लोक मोठ्या दवाखान्याला म्हणून विकाराबादकडं जाणाऱ्या गाडीत बसतात.

आणि त्या हैदराबादमध्ये भुलेच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण घडलेलं आहे. क्लोरोफॉर्म १८४७ पासून वापरात होतं, पण त्यानं काही रोगी टेबलावरच मरायचे. का मरतात यावर जगभर भांडण होतं. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचं मत होतं की हृदय बंद पडून नाही, श्वास बंद पडून मरतात, म्हणून श्वासावर लक्ष ठेवलं की पुरे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पैशातून १८८८ आणि १८८९ मध्ये यासाठी दोन 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसली. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूनं निघाला, आणि पुढे तो चूक ठरला. क्लोरोफॉर्म हृदयालाही थेट बंद पाडतं, हे नंतरच्या संशोधनात सिद्ध झालं. पण त्या काळात त्याच शहरात रूपाबाई फर्दूनजी शिकल्या आणि रोग्यांना भूल देऊ लागल्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात.

हे महत्त्वाचं आहे, कारण स्तनाच्या आजारात भूल मिळाली तरी एक भिंत उरायची. पुरुष डॉक्टरला छाती दाखवायची? आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या त्या याच प्रश्नाचं उत्तर म्हणून. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. रखमाबाई १८९० च्या दशकात लंडनहून डॉक्टर होऊन आल्या. पण ही सगळी मुंबई-पुण्याची गोष्ट. उदगीरच्या गल्लीत त्या काळी सुईण होती, वैदू होता आणि नजर काढायला मीठ-मिरच्या होत्या.

कॅन्सर नसलेलं दुखणं

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, कारण 'स्तनाचा आजार' म्हटलं की आपण थेट कॅन्सरवर उडी मारतो. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. माझ्यासारखा फायब्रोॲडिनोमा असतो. तिशी-चाळिशीत पाण्यानं भरलेल्या गाठी होतात, सुईनं पाणी काढलं की बसतात. पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होऊन दुखतात. तो बहुतेक वेळा आजारही नसतो, हार्मोनच्या चढउतारामुळं तसं होतं. कधी क्षयरोग स्तनातही होतो. इंग्लंडच्या ॲस्टली कूपर यांनी १८२९ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलंय. आपल्याकडं तो अजून दिसतो, आणि क्षयाच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स केला की बरा होतो.

आणि सगळ्यात घरगुती दुखणं बाळंतिणीचं. दूध दाटतं, स्तन लाल होतो, ताप भरतो, मग पू होतो. आमच्याकडं जवसाचं पोटीस बांधायचे आणि बाळाला त्या बाजूला पाजायचं बंद करायचे. पोटिसाच्या उबेनं बरं वाटतही असेल. पाजणं बंद करणं मात्र उलटं आहे. दूध निघत राहणं हाच निम्मा उपचार असतो. उरलेलं काम अँटिबायोटिक करतं. पू झालाच तर पूर्वी मोठी चीर द्यायचे, आता सोनोग्राफीत बघत सुईनं पू ओढून काढतात, गरज पडली तर परत काढतात. चीर द्यावी लागते ती थोड्यांना. पेनिसिलिन येण्याआधी मात्र हीच गोष्ट बाळंतिणीच्या जिवावर बेतायची.

आता गंमत बघा. उदगीर हे जनावरांचं गाव. देवणी गाय आमच्याच भागातली, पशुवैद्यकीय महाविद्यालय आमच्या गावात, दूध भुकटीचा कारखाना आमच्या गावचा अभिमान होता. गाईची कास सुजली, सडातून दूध फुटकं आलं, तर आमच्याकडचा शाळा न शिकलेला शेतकरीसुद्धा 'दगडी झाली' म्हणून त्याच दिवशी डॉक्टरला फोन करतो. उशीर केला तर सड कायमचा जातो हे त्याला पाठ आहे. आजीच्या घरात तेव्हा दोन म्हशी होत्या. एकीला दगडी झाली तेव्हा आजीनंच आजोबांना रात्री उठवून डॉक्टरकडं पाठवलं होतं, असं आई सांगते. कासेचं नाव मोठ्यानं घेता येत होतं. स्वतःच्या छातीसाठी तिच्याकडं शब्दच नव्हता.

मुळापासून उपटणं

आता कॅन्सरच्या घड्याळाकडं परत. भूल आली, मग निर्जंतुकीकरण आलं. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक वापरून स्वतःच्या बहिणीचा स्तनाचा कॅन्सर काढला. आणि मग अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड आले. त्यांना वाटलं, कॅन्सर एका जागेहून शाईच्या डागासारखा पसरत जातो, म्हणून जितकं लांबून कापू तितकं चांगलं. १८९४ मध्ये त्यांनी पन्नास रोग्यांचा अहवाल छापला. अख्खा स्तन, खालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं काढायचं. बाई वाचली तरी छातीची फासळी दिसायची, हात सुजायचा, वर उचलता यायचा नाही. ही शस्त्रक्रिया पाऊणशे वर्षं जगभर चालली.

भारतात कॅन्सरसाठी पहिलं मोठं रुग्णालय मुंबईत परळला उभं राहिलं. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांच्या पतीच्या, दोराबजी टाटांच्या ट्रस्टनं बांधलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. परळच्या ज्या रस्त्यावर आज रोग्यांचे नातेवाईक चटया टाकून राहतात, त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचं नाव आहे. टाटाचेच नावाजलेले सर्जन. हैदराबादला १९५५ मध्ये कॅन्सरचं सरकारी रुग्णालय झालं, मेहदी नवाज जंग यांच्या नावाचं. म्हणजे आजी तरुण होती तेव्हाच, उदगीरहून एका रात्रीच्या अंतरावर, दोन दिशांना दोन ठिकाणं होती.

आणि उपचारही बदलत होते. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी विचारलं, डाग पसरतो हे कुणी सिद्ध केलंय का? कदाचित काही पेशी रक्तातून सुरुवातीलाच निघून जात असतील, मग स्नायू कापून उपयोग काय? १९७१ पासून त्यांनी चाचण्या घेतल्या. चिठ्ठी टाकावी तशी बायकांची वाटणी करून, काहींवर मोठी शस्त्रक्रिया, काहींवर लहान. मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून तेच केलं, सातशे बायकांवर. १९८१ आणि १९८५ मध्ये दोघांचेही निकाल हाती आले. लहान गाठ असेल तर फक्त गाठ काढून नंतर किरणोपचार दिले तरी बायका तितकीच वर्षं जगतात. हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया इतिहासजमा झाली.

दुसरीकडं गोळ्या आल्या. १८९६ मध्येच ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी अंडाशय काढल्यावर स्तनातली गाठ आकसते हे दाखवलं होतं. ते का होतं हे कळायला हार्मोन्स समजावे लागले. गर्भनिरोधक शोधताना सापडलेलं टॅमॉक्सिफेन १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये कॅन्सरसाठी मंजूर झालं. १९७६ मध्ये इटलीच्या बोनाडोना यांनी शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमोथेरपी देऊन आजार परतण्याचं प्रमाण कमी केलं.

आता माझी यादी पूर्ण होते. १९९१ मध्ये आजीची गाठ नुसती गाठ होती. तेव्हा मुंबईत स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया होत होती. किरणोपचार होते, केमो होती, रोज एक गोळी घ्यायचं टॅमॉक्सिफेन होतं. 'तेव्हा काही उपायच नव्हता', हे आमच्या घरात वीस वर्षं सांगितलं गेलेलं वाक्य खरं नाही. उपायाचं घड्याळ वेळेवर होतं.

बार्शीनं काय केलं

मग चूक आजीची का? इथं माझ्या पेशाचा नियम कामाला आला, आणि बार्शीची गोष्ट सापडली.

बार्शी उदगीरहून लातूरमार्गे पाऊण दिवसाच्या आत गाठता येतं. सोलापूर जिल्ह्यातलं हे व्यापारी गाव मराठवाड्याच्या उंबरठ्यावर आहे. तिथं डॉ. भ. म. नेने यांच्या पुढाकारानं नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं. नर्गिस १९८१ मध्ये कॅन्सरनं गेल्या होत्या. टाटाच्या मदतीनं १९८७ मध्ये इथं भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परंडा हे तीन तालुके, साडेतीनशेच्या आसपास गावं. यातले भूम-परंडा म्हणजे मराठवाडा.

शहरात नोंदणी सोपी असते. मुंबईची नोंदणी १९६३ पासून होती. दवाखान्यांत जायचं, कागद बघायचे. खेड्यात कागदच नसतो, कारण बाई दवाखान्यात गेलेलीच नसते. मग बार्शीच्या लोकांनी उलटं केलं. कर्मचारी ठरावीक दिवसांनी प्रत्येक गावात जायचे. सरपंच, शिक्षक, सुईण, वैदू, सगळ्यांना भेटायचे. कॅन्सरची लक्षणं साध्या भाषेत सांगायचे आणि विचारायचे, असं कुणाला आहे का? असेल तर त्या माणसाला रुग्णालयात यायला तयार करायचे, सोबत करायचे. एखादी नोंद वहीत यायची असेल तर आधी कुणीतरी दारात जाऊन विचारावं लागायचं.

कागदावर ही फक्त आकडेवारी होती. प्रत्यक्षात तो 'कुणाला सांगू नको'वरचा उपचार होता. पुढं याच यंत्रणेच्या बळावर उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला कळलं ते या दुष्काळी जिल्ह्यातल्या बायकांमुळं. तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणी का केली नाही, अशी टीकाही या अभ्यासावर झाली आणि ती टीका विसरण्यासारखी नाही. ज्या बायकांमुळं जगाला कळलं, त्यातल्या काहींना ते कळण्याचा फायदा मिळाला नाही.

बार्शीच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली. खेड्यात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी होतं. लवकर लग्न, जास्त मुलं, बरीच वर्षं अंगावर पाजणं यांमुळं धोका कमी होतो, हे एक कारण. म्हणजे आमच्याकडं हा आजार कमी होता. पण कमी असल्यामुळंच तो ओळखीचा नव्हता. गल्लीत आधी कुणाला झालेला माहीत नसेल, तर बाई स्वतःची गाठ कशाशी ताडून बघणार? आणि वैद्यकातलं सगळ्यात वाईट डिझाइन इथं आडवं येतं. आपल्याला शिकवलंय की दुखणं म्हणजे आजार. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही.

आजीच्या गल्लीत कुणी विचारायला आलं नव्हतं. उदगीर त्या तीन तालुक्यांत नव्हतं. माझ्या यादीत मी मूळ कारण म्हणून एवढंच लिहिलं.

हातानं तपासणं

मॅमोग्राफी यंत्र महाग, चालवायला तज्ज्ञ लागतो. मग गरीब वस्तीत काय करायचं? टाटाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठी चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार बायका. निम्म्यांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या. यंत्र नाही, फक्त बोटं. निकाल २०२१ मध्ये छापून आला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले कॅन्सर ३७ टक्के, न तपासलेल्या गटात ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर फरक १५ टक्के निघाला, पण तो योगायोगही असू शकेल इतपतच होता. म्हणून हा जादूचा उपाय आहे असं कुणी म्हणत नाही. पण बोटांनी जीव वाचतो हे सिद्ध झालं.

टाटाच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटानं आणखी साधी गोष्ट तपासली. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं, दात काढताना देतात तेच. ११ केंद्रं, सोळाशेच्या आसपास बायका. ज्यांना इंजेक्शन दिलं त्यांच्यातल्या ९०.१ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या, ज्यांना दिलं नाही त्यांच्यातल्या ८६.४ टक्के. खर्च शंभर रुपयांच्या आत. फरक लहान वाटेल, पण भारतात दर वर्षी १ लाख ९० हजारांवर बायकांना हा आजार होतो. त्या गर्दीत चार टक्के म्हणजे हजारो घरं.

आज आमच्याकडंही परिस्थिती बदलली आहे. लातूरला विवेकानंद रुग्णालयानं कॅन्सरचे उपचार आणले, औरंगाबादला सरकारी कॅन्सर रुग्णालय झालं. २०१२ मध्ये नांदेडसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या, आणि आता महात्मा फुले यांच्या नावानं चालणाऱ्या योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार बसतात. २०१६ पासून सरकारचं धोरण आहे की तिशीपुढच्या प्रत्येक बाईची स्तनतपासणी गावाजवळच्या केंद्रात पाच वर्षांतून एकदा व्हावी. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत विचारलं, ३० ते ४९ वयाच्या किती बायकांची अशी तपासणी कधीतरी झाली आहे? उत्तर आलं ०.९ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही. दुसरं घड्याळ अजून मागंच आहे.

म्हणून जे मला विसाव्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं ते इथं लिहून ठेवते. नवी गाठ, एका बाजूचं बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे, काखेत गाठ, यातलं काही दिसलं तर दुखायची वाट बघायची नाही. डॉक्टर तीन गोष्टी करतात. हातानं तपासणी, मग वयाप्रमाणं सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज असेल तर सुईनं तुकडा. तिन्ही मिळून उत्तर जवळजवळ पक्कं मिळतं. सुई लावल्यानं कॅन्सर पसरतो ही भीती आमच्याकडं फार आहे, तिच्यामुळं उपचार लांबवायचे नाहीत. आणि हे वाचणाऱ्या मुलांनो, तुमच्या आईला हे तुम्हीही विचारू शकता. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, क्वचित, पण होतो.

गेल्या वर्षी जमिनीच्या फेरफारासाठी आजीचा मृत्यूचा दाखला काढावा लागला. नगरपालिकेच्या त्या कागदावर नाव आहे, तारीख आहे, पत्ता आहे. कशानं गेली ते नाही. १९६९ च्या कायद्यानुसार दाखल्यावर मृत्यूचं कारण छापतच नाहीत. आणि घरात गेलेल्या बाईचं कारण आतल्या रजिस्टरात तरी कोण लिहिणार? म्हणून ते इथं लिहितेय. ती स्तनाच्या कॅन्सरनं गेली असावी. तपासणी झाली नाही, म्हणून 'असावी'.

दिवाळीत आईला लातूरला घेऊन गेले. ती आता बावन्न वर्षांची आहे. जायला तयार नव्हती, फराळाचं कारण सांगत होती. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतोय? आई माझ्याकडं बघून म्हणाली, "त्रास काही नाही. दुखंना काही. तसंच दाखवायला आलाव."

रिपोर्ट साफ आला. बाहेर येऊन तिनं पहिला फोन माझ्या आत्याला लावला. आत्या पंचावन्नची, अहमदपूरला असते. मी रिक्षा बघत होते, पण आईचं बोलणं ऐकू येत होतं. ती आत्याला सांगत होती की परवाच्याला तूही ये, मी सोबत येते. आणि मग जरा मोठ्यानं, स्टँडवरच्या दोन-चार बायकांनी वळून बघितलं एवढ्या मोठ्यानं, "आगं छातीची तपासणी. लाजायलीस काय त्यात?"